भुताची अट : विनोदी भयपट आणि त्याचा पुढचा भाग

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• हास्य आणि भयानक हे दोन विरोधी रस एकाच कलाकृतीत कसे नांदतात, हे स्पष्ट करता येईल.
• भूतकथेतील ‘अट’ ही संकल्पना उदाहरणांसह सांगता येईल.
• विनोदी भयपटाच्या पुढच्या भागाचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे, हे ठरवता येईल.
• कथेतील भीती आणि समाजात पसरवली जाणारी भीती यांतील भेद ओळखता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, लोककथेचा अभ्यास करताना आपण जुन्या कथांकडे वळतो आणि आजचा चित्रपट ‘निव्वळ करमणूक’ म्हणून बाजूला ठेवतो. ही विभागणी फार काळ टिकत नाही. आजीने सांगितलेला मुंजा आणि पडद्यावरचा मुंज्या हे एकाच परंपरेचे दोन टप्पे आहेत. कथेचे माध्यम बदलले, तरी श्रोत्याला घाबरवण्याची आणि हसवण्याची रीत पुष्कळशी तीच राहिली आहे.

या घटकात विनोदी भयपट आणि त्याचा पुढचा भाग यांचा विचार करावयाचा आहे. त्यातही पौर्णिमेच्या रात्री लांडगा होणारा माणूस, म्हणजे मानव-लांडगा, हे पात्र विशेष विचारात घेतले आहे. कारण ते मराठी लोककथेच्या ओळखीचे नाही. परके भूत आपल्या प्रदेशात आले, तर ते कोणत्या आधारावर खरे वाटते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

विवेचनासाठी रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवले आहेत. वरंध घाटाने महाड भोरशी, आंबेनळी घाटाने पोलादपूर महाबळेश्वरशी आणि कशेडी घाटाने पोलादपूर खेडशी जोडलेले आहे. कोकण आणि देश येथे एकमेकांना भेटतात. गणपती आणि शिमग्याला मुंबईहून गावी येणारे चाकरमानी नव्या गोष्टी आणतात आणि जुन्या गोष्टी घेऊन जातात. कथा प्रवास कसा करते, हे पाहण्यासाठी हा परिसर सोयीचा आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ते सहाव्या भागात येईल.

२. दोन विरोधी रस एकत्र कसे?

भारतीय काव्यशास्त्राने काही रस परस्परविरोधी मानले आहेत. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथात भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस सांगितले आहेत. मग भीती आणि हसू एकाच प्रसंगात कसे येतात? याचे उत्तरही काव्यशास्त्रातच मिळते. दोन विरोधी रसांचे आश्रय वेगळे असतील, तर विरोध उरत नाही. भीती एकाची आणि हसू दुसऱ्याचे, अशी वाटणी झाली की दोन्ही रस सुखाने एकत्र राहतात.

विनोदी भयपटात नेमके हेच घडते. पात्र घाबरते आणि प्रेक्षक हसतो. प्रेक्षकाला हसता येते, कारण पात्राला जे ठाऊक नाही ते त्याला ठाऊक असते. पात्र ज्या झाडाखाली निर्धास्त झोपते, त्या झाडावर कोण बसले आहे, हे प्रेक्षकाने आधीच पाहिलेले असते. पात्राच्या अज्ञानात आणि प्रेक्षकाच्या ज्ञानात जेवढे अंतर, तेवढी विनोदाला जागा. मात्र प्रेक्षकाच्याही ज्ञानाबाहेरचे काही अचानक घडले, की हे अंतर मिटते आणि हसणारा प्रेक्षक स्वतःच दचकतो. हे अंतर वाढवणे आणि योग्य क्षणी मिटवणे, हे दिग्दर्शकाचे खरे कौशल्य होय.

हा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. कोकणातील शिमग्याच्या खेळ्यांमधला संकासूर आठवा. काळा वेश, उंच टोकदार टोपी आणि कमरेला घुंगरू, असे त्याचे रूप असते. लहान मुले त्याला पाहून पळतात आणि पळता पळता हसतात. दशावतारातला संकासूर तर वेद चोरणारा असुर असूनही प्रेक्षकांना पोट धरून हसवतो.

३. ‘अट’ म्हणजे काय?

कोकणातील भुतांची नावे तुम्ही ऐकली असतील : मुंजा, समंध, वेताळ, हडळ, जखीण, खवीस, चकवा. या नावांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. यांपैकी कोणीही मनाला येईल तसे वागत नाही. मुंज झालेला, पण सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो. चकवा वाट चुकवतो, पण जीव घेत नाही. कोण, कशामुळे, कोठे, केव्हा आणि सुटका कशी, या पाच प्रश्नांची ठरलेली उत्तरे प्रत्येक भुताबरोबर येतात. या उत्तरांच्या समूहाला आपण येथे ‘अट’ म्हणू.

अट कथेला दोन गोष्टी देते. एक म्हणजे भीतीला आकार देते. कोठेही, केव्हाही, काहीही घडू शकत असेल तर श्रोता घाबरत नाही, गोंधळतो. दुसरे म्हणजे विनोदाला वाव देते. अट माहीत नसणारा, अर्धवट माहीत असणारा किंवा भलत्याच भुताची अट लावणारा मनुष्य हास्यास्पद ठरतो.

अट ही बहुधा मागील दुःखाची किंवा अपुऱ्या इच्छेची खूण असते, हेही लक्षात ठेवा. मुंज्याच्या कथेत अकाली गेलेले मूल आहे. हसू ओसरल्यावर मागे राहते ते हेच दुःख.

४. पुढच्या भागाची कसोटी

चित्रपटाचा ‘पुढचा भाग’ ही कल्पना आधुनिक व्यवसायातून आली, असे आपण समजतो. पण ‘वेताळपंचविशी’ पाहा. राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजा बोलतो आणि वेताळ पुन्हा झाडावर जातो. पंचवीस गोष्टींत अट एकच. गोष्ट मात्र प्रत्येक वेळी नवी. पुढच्या भागाने पहिल्या भागाची अट पाळावी आणि तिच्यातून नवा पेच निर्माण करावा, ही कसोटी येथूनच मिळते.

मराठीतील ठळक उदाहरण महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) आणि ‘झपाटलेला २’ (२०१३) या चित्रपटांचे आहे. ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटाची प्रेरणा घेऊन पहिला चित्रपट झाला. मरणाऱ्या गुंडाचा, म्हणजे तात्या विंचूचा, आत्मा मंत्राने बाहुल्यात शिरतो. त्याला पुन्हा माणूस व्हायचे असेल, तर ज्याला त्याने आपले गुपित पहिल्यांदा सांगितले त्याच्याच शरीरात जावे लागेल, ही अट. तो माणूस म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगवलेला भोळा लक्ष्या. तात्या विंचूची भूमिका दिलीप प्रभावळकर यांची होती आणि बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातचा. कल्पना परकी असली, तरी बोलक्या बाहुल्याचा खेळ मराठी प्रेक्षकाच्या परिचयाचा होता. त्यामुळे भूत परके वाटले नाही.

पुढच्या भागापुढे एक खरी अडचण होती. लक्ष्मीकांत बेर्डे यांचे २००४ साली निधन झाले होते. कथेने ही अडचण लपवली नाही. लक्ष्या हयात नाही, म्हणून तात्या विंचूची नजर त्याच्या मुलाकडे, आदिनाथ कोठारे यांनी साकारलेल्या आदित्यकडे वळते. अट वारशाने पुढे जाते. चित्रपट त्रिमितीत होता, पण कथा पुढे नेली ती या वारशाने, तंत्राने नव्हे.

आता मानव-लांडग्याकडे वळू. ‘द वुल्फ मॅन’ (१९४१) या अमेरिकी चित्रपटानंतर १९४३ साली आलेल्या पुढच्या भागात पौर्णिमेची अट स्पष्ट झाली. आज आपल्याला अतिप्राचीन वाटणारा हा नियम अशा रीतीने पुढच्या भागाने पक्का केला. याउलट ‘अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ (१९८१) या जॉन लँडिस यांच्या विनोदी भयपटाचे पाहा. त्यात लांडगा झालेल्या नायकाला त्याचा मृत मित्र वारंवार भेटतो आणि ‘तू जिवंत आहेस तोवर आम्हाला सुटका नाही’ असे बजावतो. भेट विनोदी, तिचा आशय भयंकर. या चित्रपटाच्या रंगभूषेला ऑस्कर मिळाले. १९९७ साली दुसऱ्या दिग्दर्शकाने केलेला पॅरिसमधील पुढचा भाग मात्र संगणकाने घडवलेल्या लांडग्यांवर अधिक विसंबला. रूपांतर राहिले, पण मित्राच्या मृत्यूचे ओझे हलके झाले. पहिल्या भागाचे केवळ बाह्य रूप उचलले, तर काय हरवते हे यातून दिसते.

५. लांडगा घाट कसा उतरतो?

लांडगा हा मुख्यतः दख्खनच्या माळरानाचा प्राणी आहे. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतील मेंढपाळ त्याला ओळखतात. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील दाट, अतिपावसाच्या रानात तो सहसा आढळत नाही. तेथे धाक वाघाचा आणि बिबट्याचा. म्हणून कोकणच्या कथेत वाघ येतो, लांडगा फारसा येत नाही. मराठी भाषेत ‘लांडगा आला रे आला’ म्हणून खोटी हाकाटी करणारा मुलगा आहे, ‘लांडगेतोड’ हा शब्द आहे. पण लांडगा होणारा माणूस नाही.

हिंदीतील ‘भेडिया’ (२०२२) या अमर कौशिक दिग्दर्शित चित्रपटाने ही अडचण विचारपूर्वक सोडवली. कथा अरुणाचल प्रदेशात घडते. जंगलातून रस्ता काढण्यासाठी आलेल्या भास्करला लांडगा चावतो आणि पुढे तो स्वतःच रानाच्या शत्रूंवर तुटून पडतो. युरोपातील शापाच्या जागी रानाचे रक्षण आले. अट स्थानिक झाली आणि परके भूत त्या भूमीचे झाले.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘मुंज्या’ (२०२४) हा हिंदी चित्रपट याच कथामालेतला. त्याचे भूत आणि भूमी दोन्ही कोकणची. मुन्नीशी लग्न करण्याची मुलाची अपुरी इच्छा ही त्याची अट. चित्रपटाच्या अखेरीस भास्करचे दर्शन घडते. त्याच वर्षी आलेल्या ‘स्त्री २’ मध्ये तर तो चंदेरीत येऊन सरकट्याशी लढतो. प्रेक्षकांनी त्याचे टाळ्यांनी स्वागत केले. अभ्यासक म्हणून तुम्ही मात्र एक प्रश्न विचारावा : रान मागे राहिल्यावर या लांडग्याची अट काय उरली? चंदेरीत तो बलवान पाहुणा आहे. ‘भेडिया’त तो रानाचा रक्षक होता. कथामालेत पात्र एका चित्रपटातून दुसऱ्यात सहज जाते. त्याची भूमी त्याच्याबरोबर जात नाही.

६. कथेतील अट आणि समाजातील अट

कथा ऐकताना आपण अटीचा पुरावा मागत नाही. मुंजा पिंपळावरच का, असे विचारणारा श्रोता गोष्टीचा आनंद गमावतो. पण हीच सवय गोष्टीबाहेर आली, तर तिचे परिणाम भीषण होतात. महाडचा इतिहास याची साक्ष देतो.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेसाठी जमलेले लोक महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथील पाणी प्राशन केले. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवण्यात आली आणि परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ‘लांडगा आला’ ही हाकाटी येथे जिवंत माणसांविरुद्ध होती. चावल्याने माणूस लांडगा होतो ही कथेतील अट. स्पर्शाने पाणी बाटते ही समाजाने लादलेली अट. दोहोंची रचना सारखी आहे. फरक एवढाच, की पहिलीत कोणाचे पाणी तोडले जात नाही.

या दुसऱ्या अटीचा पुरावा अखेर मागितला गेला. तळ्याचा वापर केवळ स्पृश्यांचा, ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असा दावा न्यायालयात करण्यात आला होता. तो सिद्ध झाला नाही आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने दिला.

‘झपाटलेला २’ जून २०१३ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्यांनी ज्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले, तो जादूटोणाविरोधी कायदा आधी अध्यादेशाच्या रूपाने आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या मंजुरीने आला. हा कायदा भूतकथेवर किंवा भयपटावर बंदी घालत नाही. भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारहाण करणे, अमुक व्यक्ती करणी करते असे पसरवून तिचे जगणे अवघड करणे, अशा कृत्यांना तो गुन्हा ठरवतो. गोष्टीत हडळ असू शकते. वाडीतल्या एखाद्या एकट्या बाईला हडळ म्हणता येत नाही. चित्रपटातील विनोदही याच कसोटीवर तपासावा. हसू भित्र्या नायकावर आहे, भोंदू मांत्रिकावर आहे, की आधीच दुबळ्या असलेल्या माणसावर, हे पाहावे.

७. सारांश

विनोदी भयपटात भीती पात्राची आणि हसू प्रेक्षकाचे असते. म्हणून दोन विरोधी रस एकत्र येऊ शकतात. भुताची अट भीतीला आकार आणि विनोदाला वाव देते. चांगला पुढचा भाग ही अट पाळून तिच्यातून नवा पेच काढतो. परके भूत स्थानिक कारण मिळाले तरच आपल्या भूमीत रुजते. कथेतील अट पुराव्याशिवाय स्वीकारावी. समाजात कोणी अशी अट घालू लागला, तर पुरावा मागावा.

८. स्वाध्याय

१. हास्य आणि भयानक या रसांचा विरोध आश्रयभेदामुळे कसा दूर होतो, ते एका चित्रपटाच्या आधारे लिहा.
२. तुमच्या गावात सांगितली जाणारी एक भूतकथा घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहून काढा. कोण, कशामुळे, कोठे, केव्हा आणि सुटका कशी, या पाच प्रश्नांच्या आधारे तिच्यातील अट स्पष्ट करा.
३. ‘झपाटलेला’ आणि ‘झपाटलेला २’ यांची तुलना करून पुढच्या भागाने काय राखले आणि काय बदलले, ते सांगा.
४. मानव-लांडग्याची कथा महाड-पोलादपूर परिसरात घडवायची असल्यास त्याची अट कोणती असावी? वरंध किंवा आंबेनळी घाटाच्या भूगोलाचा आधार घेऊन सुमारे दोनशे शब्दांत मांडणी करा.