व्हेंटिलेटरजवळ कोण उभे असते?




मी धडगाव तालुक्यातील पावरा समाजाची मुलगी. आपल्या मदतीने वसतिगृहात राहून बारावी सायन्स झाले. आता क्रिटिकल केअर टेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. “म्हणजे नर्सच ना?” असे पुष्कळ जण विचारतात, म्हणून हे चार शब्द.

नर्स रुग्णाची शुश्रूषा करतात. आम्ही अतिदक्षता विभागातील यंत्रे सांभाळतो. व्हेंटिलेटर लावण्याआधी तपासणे, नळीतून हवा गळत नाही ना ते पाहणे, डॉक्टर सांगतील ती मापे लावणे, हे आमचे काम. अलार्म वाजला की आधी रुग्णाकडे पाहायचे, मग यंत्राकडे, हा आमचा पहिला धडा.

प्रवेशासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागते. माझा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, नंतर एक वर्ष इंटर्नशिप. पुस्तके इंग्रजीत, पहिल्या वर्षी मी शब्दकोश उशाशी घेऊन झोपत असे. राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते, ते अकरावीतच काढायला घ्यावे.

मी हेच का निवडले? मी सहावीत असताना जमिनीवर झोपलेल्या माझ्या काकांना रात्री मण्यार साप चावला. सूज नाही, फारसे दुखणे नाही, म्हणून कोणी घाई केली नाही. पहाटे पापण्या जड झाल्या, जीभ अडखळू लागली. दवाखान्याच्या वाटेवरच श्वास थांबला. मण्यारचे विष श्वासाचे स्नायूही लुळे पाडते, हे मला आता कळते. प्रतिविष तर हवेच. पण स्नायूंत बळ परत येईपर्यंत, कधी कधी कित्येक दिवस, यंत्राने श्वास द्यावा लागतो. तो वेळेवर मिळाला तर माणूस पुष्कळदा चालत घरी जातो.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे असाच एक रुग्ण आला. डोळे मिटलेले, बोटही हलत नव्हते. सर म्हणाले, “त्याला ऐकू येत असेल.” मी पावरी बोलीत त्याला सांगितले, “दादा, हे यंत्र तुझ्यासाठी श्वास घेतंय. भिऊ नको.” पाचव्या दिवशी नळी निघाली. आवाज फुटल्यावर त्याने विचारले, “आपली बोली बोलणारी ती कोण?”

वसतिगृहातील दहावीच्या मुलांना सायन्स अवघड आहे म्हणून सोडू देऊ नका. आमच्यासाठी प्रार्थना करीत राहा.

आपली,
वसतिगृहाची एक माजी विद्यार्थिनी