पृथ्वी काटा मारत नाही

सातपुड्याच्या माथ्यावरून आमचूर घेऊन आदिवासी शेतकरी तळोद्याच्या बाजारात उतरतो. वर दहा किलो भरलेला माल खाली साडेनऊ भरला की त्याने काय समजावे? "डोंगरावरचे वजन वेगळे, खालचे वेगळे" असे शास्त्राच्या थाटात कुणी सांगितले, तर ते शास्त्रच तपासले पाहिजे.

आपण बोलताना ज्याला वजन म्हणतो, ते खरे तर वस्तुमान, म्हणजे पदार्थ किती आहे ते. आमचूर डोंगरावर तेवढेच, तळोद्यात तेवढेच, चंद्रावर नेले तरी तेवढेच. शास्त्रातले वजन म्हणजे पृथ्वीची त्या पदार्थावरची ओढ, आणि ती जागेप्रमाणे बदलते. तागडीला याचा फरक पडत नाही, कारण ओढ कमी झाली तर दोन्ही पारड्यांवर सारखीच कमी होते. स्प्रिंगचा काटा मात्र ओढ मोजतो. इलेक्ट्रॉनिक काटाही तेच करतो, म्हणून तो वापरायच्या जागीच प्रमाणित वजने ठेवून जुळवावा लागतो.

आता हिशेब करू. एक हजार मीटर उंचीने ओढ कमी होते दहा किलोमागे अवघे तीन ग्रॅम. पॅरिसला जुळवलेला स्प्रिंगचा काटा तळोद्यात आणला तरी फरक पडेल सुमारे बावीस ग्रॅमचा. आणि गंमत अशी, की डोंगर उतरताना ओढ वाढते. म्हणजे तोच स्प्रिंगचा काटा खाली तीन ग्रॅम जास्त दाखवील! मग अर्धा किलो गेला कुठे? पासंगात, पारड्यावर टेकलेल्या बोटात, बारदान्याच्या नावाने कापलेल्या कडत्यात. हे पाप न्यूटनच्या माथी मारता येणार नाही.

कायदाही इथे स्पष्ट आहे. वैधमापन शास्त्र अधिनियम, 2009 चे कलम 5 किलोग्रॅमला वस्तुमानाचे एकक मानते. शेतकऱ्याला पैसे मिळायचे ते मालाचे, ओढीचे नव्हे. कलम 24 प्रमाणे व्यवहारातल्या काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन सक्तीचे आहे. माल काट्यावर चढण्याआधी त्यावरचा शिक्का आणि शिक्क्याचे साल पाहावे, रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघावे, शिक्क्याचे एक किलोचे वजन ठेवून दाखवायला सांगावे. हजार ग्रॅम भरले नाहीत तर वैधमापन निरीक्षकाकडे तक्रार लेखीच द्यावी, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये.