डीएनएच्या धाग्यांचे विलगीकरण व प्रतिकृती : एक विवेचन

बीजशब्द : डीएनए, प्रतिकृती, विकर, गायरेज, उत्परिवर्तन, औषधप्रतिरोध

प्रस्तावना

पेशीविभाजनापूर्वी पेशीतील संपूर्ण डीएनएची प्रत तयार होणे, ही सजीवांच्या सातत्याची मूलभूत अट होय. वॉटसन व क्रिक यांनी १९५३ साली डीएनएची द्विसर्पिल रचना मांडली. अ‍ॅडेनिनसमोर थायमिन व ग्वानिनसमोर सायटोसिन या जोड्यांच्या नियमामुळे प्रत्येक धागा दुसऱ्याचा साचा ठरू शकतो, हे त्याच वेळी सूचित झाले. अध्यापनात ही प्रक्रिया बहुधा कपड्याच्या चेनची उपमा देऊन स्पष्ट केली जाते. ही उपमा सोपी असली तरी अपुरी आहे. चेनच्या दोन बाजू केवळ समोरासमोर असतात; डीएनएचे धागे मात्र एकमेकांभोवती वेढलेले असतात. हा वेढा कसा सुटतो, हे जाणल्याखेरीज प्रतिकृतीचे आकलन पूर्ण होत नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

अर्धसंरक्षी प्रतिकृती

मेसेल्सन व स्टाल यांनी १९५८ साली ई. कोलाय जीवाणूंवरील प्रयोग प्रसिद्ध केला. जड नायट्रोजनवर वाढवलेले जीवाणू त्यांनी साध्या नायट्रोजनच्या माध्यमात आणले. एका पिढीनंतर सर्व डीएनए मध्यम घनतेचा आढळला. दुसऱ्या पिढीनंतर निम्मा मध्यम व निम्मा हलका आढळला. म्हणजेच प्रत्येक नव्या रेणूत एक जुना व एक नवा धागा असतो. दोन्ही धागे पूर्णपणे वेगळे होतात, हे यावरून सिद्ध झाले. ते वेगळे होतात कसे, हा प्रश्न मात्र उरला.

वेढ्यांचा प्रश्न

या अडचणीकडे डेलब्रुक यांनी १९५४ सालीच लक्ष वेधले होते. ई. कोलायच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख बेसजोड्या असतात व साधारण साडेदहा जोड्यांमागे एक वेढा असतो. अर्थात, सुमारे ४० मिनिटांत चार लाखांहून अधिक वेढे सुटावे लागतात. हेलिकेज हे विकर एटीपीची ऊर्जा वापरून जोड्यांमधील हायड्रोजन बंध तोडते. सुटे धागे पुन्हा जुळू नयेत म्हणून विशिष्ट प्रथिने त्यांना धरून ठेवतात. परंतु पीळ घातलेल्या दोरीचे पदर मध्येच ओढून वेगळे केले असता पुढचा पीळ अधिक घट्ट होतो, तसाच ताण डीएनएमध्येही निर्माण होतो. जीवाणूंमध्ये हा ताण प्रामुख्याने गायरेज हे विकर दूर करते. ते डीएनएचे दोन्ही धागे एका ठिकाणी कापते, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पार करते व काप पुन्हा जोडते. प्रतिकृतीसाठी रेणू क्षणभर तोडावा लागतो, ही बाब चेनच्या उपमेत कोठेच येत नाही.

दोन धागे, दोन रीती

डीएनएचे दोन धागे परस्परविरुद्ध दिशांचे असतात आणि डीएनए पॉलिमरेज नवे घटक केवळ तीन-प्राइम टोकाला जोडते. परिणामी एक नवा धागा सलग तयार होतो, तर दुसरा लहान तुकड्यांनी उलट दिशेने बनतो. जपानमधील नागोया विद्यापीठातील रेइजी व त्सुनेको ओकाझाकी यांनी १९६८ साली हे तुकडे दाखवून दिले. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आरएनएच्या लहान खंडाने होते. पुढे तो खंड काढून त्या जागी डीएनए भरला जातो व लायगेज हे विकर तुकडे सांधते.

अचूकता व तिची मर्यादा

पॉलिमरेजकडून घटक निवडताना सुमारे एक लाखात एक चूक होते. तेच विकर मागे वळून बहुतेक चुका काढते. उरलेल्यांपैकी बहुतांश चुका दुरुस्ती यंत्रणा सुधारते. अखेरीस शंभर कोटींत एक किंवा त्याहूनही कमी चूक शिल्लक राहते. हीच उरलेली चूक उत्परिवर्तनाचा एक महत्त्वाचा उगम होय.

या दोन्ही बाबी औषधोपचारात एकत्र येतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन यांसारखी प्रतिजैविके गायरेजने केलेला काप पुन्हा जोडू देत नाहीत. डीएनए तुटलेला राहतो व जीवाणू मरतो. औषधप्रतिरोधक क्षयाच्या उपचारात लेव्होफ्लॉक्सॅसिन व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांना म्हणूनच महत्त्व आहे. तथापि गायरेजच्या जनुकाची प्रत काढताना एका अक्षराची चूक झाली, तरी औषध त्या विकराला नीट जखडू शकत नाही. असा एखादा जीवाणू आधीच अस्तित्वात असतो. अपुरा किंवा अर्धवट उपचार इतरांना मारून त्याला वाढण्यास वाव देतो.

समारोप

धागे वेगळे होणे ही प्रतिकृतीची केवळ पूर्वतयारी नसून तिचा सर्वांत कठीण भाग आहे. औषधाचा प्रहार तेथेच होतो आणि त्या प्रहारातून सुटण्याची वाट प्रतिकृतीतील चुकीतून निघते. वर्गात चेनच्या उपमेला पिळाच्या दोरीची जोड दिल्यास, औषधाचा ठरलेला कालावधी पूर्ण करण्याचे कारणही विद्यार्थ्यांना याच पाठातून उमजू शकेल.