जस्ताच्या मुलाम्यावर रंग चढवताना

बंगळुरूतल्या येलहंक्याच्या गच्च्यांवरचे पन्हळी पत्रे, पाण्याचे पाइप, कुंपणाचे खांब यांतले बरेचसे पोलाद गॅल्व्हनाइज्ड असते. साधारण ४५० अंश सेल्सिअसला वितळलेल्या जस्तात पोलाद बुडवले की त्यावर जस्ताचे कवच बसते. रंगामुळे या कवचाचे आयुष्य वाढते. मात्र रंग जस्तावर सहजी धरत नाही.

साध्या लोखंडावर चालणारी रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंटची जोडी इथे फसते. ऑइल पेंटच्या अल्कीड रेझिनमध्ये तेलातली मेदाम्ले असतात. दमट हवेत जस्तावर तयार होणारी अल्कधर्मी संयुगे त्यांच्याशी अभिक्रिया करतात आणि रंगाखाली चक्क साबण बनतो. वरून चकचकीत दिसणारा रंग खाली सुटलेला असतो. वर्ष-दोन वर्षांत त्याचे मोठाले पापुद्रे निघतात. दोष मात्र बहुधा रंगाच्या डब्याला दिला जातो.

तयारी कशी करायची हे पत्र्याच्या वयावर ठरते. नवा पत्रा गुळगुळीत असतो, आणि पांढरा गंज टाळण्यासाठी कारखान्यातच त्यावर तेल किंवा क्रोमेट लावलेले असू शकते. पत्र्यावर टाकलेले पाणी एकसारखे न पसरता थेंबांत गोळा झाले, तर पृष्ठभाग तेलकट आहे. उघड्यावर ऊन-पावसात सहा महिने ते दोन वर्षे राहिलेल्या पत्र्यावर जस्ताच्या कार्बोनेटचा खरखरीत, घट्ट थर येतो. तो रंगाला उत्तम आधार देतो, त्याला फक्त धुणे पुरते. ओल्या गठ्ठ्यात रचून ठेवलेल्या पत्र्यांना हवा मिळत नाही, म्हणून त्यांच्यावर हायड्रॉक्साइडची पांढरी भुकटी साचते. ती राहू देऊन वर रंग मारणे व्यर्थ.

तेल काढायला सौम्य डिटर्जंट आणि नायलॉनचा ब्रश, किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली फडकी वापरतात. फडके वारंवार बदलावे लागते, नाहीतर तेच तेल पुन्हा पसरते. पांढऱ्या भुकटीसाठी एक-दोन टक्के अमोनियाचे द्रावण पुरते. फरशी धुण्याचे तीव्र अ‍ॅसिड वापरण्याची पद्धत घातक आहे, कारण ते भुकटीबरोबर जस्तही खाते. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन पत्रा पूर्ण वाळवावा. तांबड्या गंजाचे डाग खरवडून तेवढ्या जागी जस्तयुक्त प्रायमर लावावा.

नव्या, गुळगुळीत पत्र्याला बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने मारतात. जाड खांबांवर मऊ कणांचा तिरका मारा करता येतो. भारतीय मानक ४७५९ नुसार ५ मिलिमीटर वा त्याहून जाड पोलादावर दर चौरस मीटरला ६१० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन जस्त असते. छताच्या १२० ग्रॅमच्या पत्र्यावर दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅमच जस्त, म्हणजे एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन. तिथे घासताना हात आखडताच हवा.

घासलेल्या जस्तावर लगेच नवे ऑक्साइड चढू लागते, म्हणून प्रायमर त्याच दिवशी लागला पाहिजे. पॉलिव्हिनाइल ब्युटिरल आणि फॉस्फोरिक अ‍ॅसिडचा वॉश प्रायमर ८ ते १३ मायक्रॉन इतकाच पातळ ठेवतात. जाड झाला तर तोच तडकतो. त्यावर, किंवा जस्तासाठीच्या इपॉक्सी प्रायमरवर, बाहेरचा रंग देतात.

सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या येलहंक्यात सप्टेंबर-ऑक्टोबर पावसाचे आणि मेमध्ये वळवाच्या सरी, त्यामुळे फेब्रुवारी-मार्च सोयीचे. सकाळी दव पूर्ण उडाल्यावरच काम सुरू करावे. पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा.

रंग मुरल्यावर कोपऱ्यात ब्लेडने बारीक चौकडी कापून त्यावर चिकटपट्टी दाबून ओढतात. रंगाचे चौकोन निघाले, तर त्यांची मागची बाजू पाहावी. तिथे पांढरी पूड असेल तर धुणे अपुरे झाले आहे. बाजू तुळतुळीत असेल तर तेल किंवा क्रोमेट राहिले आहे.