कानपूरच्या भंगारातून पुण्याच्या धावपट्टीवर

दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाची बी-२४ लिबरेटर ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने कानपूरच्या तळावर बेवारस पडून राहिली. ती लेंड-लीजखाली, म्हणजे अमेरिकेने मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री उसनवार देण्याच्या व्यवस्थेतून, आलेली असल्यामुळे करारानुसार परत करणे किंवा निकामी करणे भाग होते, आणि म्हणून ती हेतुपुरस्सर मोडण्यात आली. त्या सांगाड्यांतूनच हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याच्या तंत्रज्ञांनी चाळीसच्या आसपास विमाने पुन्हा उडती केली, हे भारतीय विमानविद्येतील खरोखर अभिमानास्पद आणि फारच कमी सांगितले गेलेले काम होय. १९४८ मध्ये त्यांवर भारतीय हवाई दलाचे पाच क्रमांकाचे स्क्वाड्रन उभे राहिले, तर १९५१ मध्ये पुण्यात पुन्हा स्थापन झालेल्या सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती सागरी टेहळणीसाठी, म्हणजे समुद्रावरील जहाजांवर नजर ठेवण्यासाठी, वापरली. यांपैकी केएन ७५१ हे विमान युद्धाच्या अखेरीस हिंदी महासागरातील कोकोस बेटांवर, नारळीबागा तोडून केलेल्या धावपट्टीवर होते. १९६८ मध्ये लिबरेटर निवृत्त झाल्यावर १९७४ मध्ये केएन ७५१ भारतातून स्वतः उड्डाण करीत ब्रिटनला गेले आणि तेथील रॉयल एअर फोर्स संग्रहालयात दाखल झाले. दुसरे एक लिबरेटर दिल्लीच्या पालम येथील भारतीय हवाई दल संग्रहालयात आहे.