नाव एक, कूळ निराळे

ठाण्यातील एक नाट्यगृह डॉ. काशिनाथ घाणेकर यांच्या नावाचे आहे. घाणेकरांनी गाजवलेला ‘लाल्या’ वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’ (१९६६) या नाटकातला. त्यावर १९६९ साली सत्येन बोस यांनी हिंदी चित्रपट काढला, ‘आँसू बन गये फूल’. शीर्षक जवळजवळ शब्दशः उतरवलेले. त्यामुळे चित्रपटाचे कूळ लपत नाही. पडद्यावरचा लाल्या घाणेकरांच्या वाट्याला आला नाही. कानेटकरांना मात्र कथेचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

नामसाधर्म्य नेहमीच इतके प्रामाणिक नसते. कल्याणचे रंगमंदिर ज्यांच्या नावे उभे आहे, त्या आचार्य अत्रे यांनी लिहिलेला ‘ब्रह्मचारी’ मास्टर विनायकांनी १९३८ साली पडद्यावर आणला. ब्रह्मचर्याचा पण करून बसलेल्या तरुणाची ती फजिती. शम्मी कपूर यांचा १९६८ सालचा ‘ब्रह्मचारी’ अनाथ मुलांचा सांभाळ करतो. दोहोंत नावापलीकडे काहीच समान नाही. उलट अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) आणि त्याच नावाचा २०२३ सालचा चित्रपट, दोघांचेही मूळ साने गुरुजींच्या पुस्तकात.

मग नावावर हक्क कोणाचा? ‘देसी बॉईज’ या चित्रपटावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले, की नुसत्या शीर्षकाला प्रताधिकाराचे संरक्षण नाही. निर्मात्यांच्या संघटना शीर्षकांची नोंदणी करतात. पण ते बंधन सभासदांपुरते. प्रताधिकाराखाली दाद मागायची, तर लेखकाला कथानक वा संवाद उचलले गेल्याचे दाखवावे लागते.