गटात सगळे, बोलतात चौघेच

दिघाशीसारख्या कुठल्याही गावाचा व्हॉट्सॲप गट उघडून बघा. नळाला पाणी कधी सोडायचं, असा साधा प्रश्न आला तरी ठरलेले चौघेच बोलतात. याकोब नीलसन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ कधीमधी लिहितात, आणि एकच जण सतत लिहितो. पण गप्प बसणाऱ्याला काही म्हणायचंच नसतं, असं आपण धरून चालतो, तिथे चुकतं. त्याच्या वाटेत तीन अडथळे असतात.

पहिला, कष्टाचा. मोबाइलवर चार ओळी लिहायचा कंटाळा येतो, बोट टेकवायचा येत नाही. फेसबुकने २००९ मध्ये ‘लाईक’ आणलं, व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये मतचाचणी आणली, ती यासाठीच. ‘पाणी कधी हवं?’ असं मोघम विचारण्याऐवजी ‘सकाळी ६ की संध्याकाळी ६?’ असं विचारावं.

दुसरा अडथळा भिडेचा. मतापुढे नाव दिसणार असेल तर सून सासऱ्यांच्या विरोधात मत देईल का? टेलिग्रामवर नाव झाकून मत घेता येतं. आपल्याकडे ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, तीही याच कारणाने उपयोगी पडते.

तिसरा, वेळेचा. भिवंडीच्या गोदामात रात्रपाळी करणारा दिवसा झोपलेला असतो. म्हणून मतदान निदान दोन दिवस खुलं ठेवावं.

मग सगळंच सोपं करायचं का? नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. म्हणजे मत देणं सोपं हवं, पण पुढे ढकलणं जरा अवघडच हवं.

आणि शेवटचं. मतं घेतली की पुढे काय झालं, ते त्याच गटात सांगायला हवं. निर्णय विरोधात गेला तरी कारण कळलं, तर माणूस पुढच्या वेळी पुन्हा मत देतो. ज्यांच्या हातात फोनच नाही, त्यांच्या दारात मात्र आपल्यालाच जावं लागेल.